शेवटचं नीट कधी बोलले?

— नाही, ती करंडी आधी उचला बघू टेबलावरून. रागावलो नाही हो, रागवायचं काय त्यात, संत्री चांगलीच दिसतायत, पण ती घरी न्या, तुमच्या मिस्टरांना द्या. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा हात मोडलाय, इकडे बसा — हां. आणि मला डॉक्टर म्हणू नका. मघापासून तिसऱ्यांदा म्हणालात. डॉक्टर नाही मी. मेडिकल कॉलेजात होतो, एकतीस वर्षं, पण शरीररचनेच्या संग्रहालयात — बरण्या पुसायच्या, त्यांतलं औषध बदलायचं, डोळ्यांना झोंबतं ते, लेबलं लिहायची. बरणीत मेंदू, काळीज, मूत्रपिंड. शाळेची मुलं यायची बघायला, आणि त्यांना समजावून कोण सांगणार? डॉक्टर लोकांना कुठला वेळ? मग मी सांगायचो. मुलं हसायची, मास्तर खूश व्हायचे. एका मास्तरांनी शाळेत बोलावलं, मग कुठल्याशा क्लबानं, मग आजूबाजूच्या गावांनी, असं करत करत मी 'मेंदूवाले काका' झालो. पत्रकावर नावाआधी कुणीतरी 'डॉ.' छापायचं. पहिल्यांदा छापलं तेव्हा मी सांगितलं, बाबांनो, चूक आहे. दुसऱ्यांदा नुसता हसलो. तिसऱ्यांदा — तिसऱ्यांदा काहीच नाही केलं.

घरात आत्ता कुणी नाही, वहिनी दादाला व्यायामाला घेऊन गेलीय. माझा थोरला भाऊ. असतात माझ्याकडेच, आठ महिने झाले. साडेचारपर्यंत येतील, तोवर बोलू आपण. तुमचे मिस्टर चालतात ना पण? जिना चढतात? गाडी चालवतात? — नको नको, गाडी नको इतक्यात, सांगा त्यांना. नाश्त्याला बसले होते म्हणालात. कप निसटला हातातून, आणि तुम्ही बघितलं तर तोंडाची एक बाजू ओघळलेली, आणि ते हसायला गेले तर हसू अर्ध्यातच थांबलं. दोन्ही हात वर करायला सांगितलेत, उजवा आपोआप खाली आला. 'काही नाही गं, पडतो जरा' म्हणाले, आणि तुम्ही पडू दिलं नाहीत. शेजाऱ्यांची गाडी काढायला लावलीत. आणि वेळ — वेळ तळहातावर लिहिलीत? बॉलपेननं? आठ पंचवीस. शाबास. नाही, खरंच शाबास, दोनशे लोकांना सांगावं तेव्हा एखादी बाई असं करते. पोस्टात काम करता म्हणून असेल, तारीख-वेळ बघायची सवय. ती मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायची सुई साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि हे साडेचार तास मोजायचे तर माणूस शेवटचा नीट कधी होता ते कुणीतरी सांगावं लागतं. तुम्ही सांगितलंत. म्हणून ते आज जिना चढतायत. माझ्यामुळे नव्हे, तुमच्यामुळे.

काय म्हणालात? बोलण्यावरूनच ओळखलंत? ते कसं? … व्याख्यानातल्या माझ्या नकलेवरून.

थांबा हं. पाणी पितो जरा.

तुम्ही नेमक्या कुठल्या व्याख्यानाला होतात? ग्रंथालयाच्या? वरच्या सभागृहात, रविवारी सकाळी अकराला? तेच का नक्की — हिरवे पडदे, आणि माइक मधेच शिट्टी मारत होता? काळा कोट होता माझ्या अंगात? म्हणजे तेच. तुम्ही दुसऱ्या कुठल्याही व्याख्यानाला आला असतात ना बाई, तर मी 'बरं झालं' म्हटलं असतं, फळं ठेवून घेतली असती आणि तुम्हाला जिन्यापर्यंत सोडून आलो असतो. अकरा वर्षं केलीत मी व्याख्यानं, शेकड्यानं केलीत. तुम्ही नेमक्या त्याच दिवशी होतात.

ती नक्कल माझी नव्हती. म्हणजे केली मीच, पण ती माझी नव्हती.

दादाचं सांगतो. दादा टेलर आहे — होता म्हणायला हवं, उजवा हात गेला त्याचा — कोटाचा टेलर. शर्ट-पँट शिवणारे गल्लोगल्ली असतात, पण कोटाचा खांदा बसवावा तर दादानं. तुम्ही पाहिलेला काळा कोटही त्यानंच शिवलेला. आमचे वडील लवकर गेले, मला दादानंच वाढवलं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी नववीत होतो, माझा डबासुद्धा ती भरायची. मधली काही वर्षं दादा प्यायचा. लपवत नाही मी. दुकानात मशीनच्या पायाशी बाटली असायची. मग सोडली. सोडली म्हणजे अशी की त्या रविवारी सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत एक थेंब नाही. हे जगात सगळ्यांत चांगलं कुणाला माहीत होतं? मला. सोडायच्या दिवसांत हात थरथरायचे त्याचे, तेव्हा शेजारी बसून राहायचो ते मीच की.

तर त्या रविवारी वहिनी सकाळी आठला तिच्या बहिणीकडे गेली आणि दादा दुकानात, सोमवारी कुणाचा तरी कोट द्यायचा होता. दहा वाजून दहा मिनिटांनी त्याचा मला फोन आला. मी गाडीची वाट बघत उभा होतो म्हणून वेळ पक्की आठवते. आवाज एकदम खणखणीत. कोट घातलास ना, बाही आखूड नाही ना वाटत, आणि हळू बोल म्हणाला, स्टेजवर तू धावतोस, मागच्या रांगेतल्यांना काही कळत नाही. हसलो आम्ही दोघंही. दहा दहाला. हे लक्षात ठेवा.

मग सभागृहात पोचलो. बाजूला एक बोळ आहे, मोडक्या खुर्च्या रचून ठेवतात तिथं, तिथं उभा राहून मी माझा तो प्लास्टरचा मेंदू पिशवीतून काढत होतो. दहा पन्नासला पुन्हा फोन. दादाच. आणि बोलणं — तोंडात ओला बोळा कोंबून बोलावं तसं. आधी माझं नाव घ्यायला गेला, ते जमेना. मग 'थांब'. 'थांब, थांब' एवढंच नीट येत होतं, बाकी सगळा चिखल. आणि इकडे ग्रंथालयाचे सेक्रेटरी खुणा करतायत, चला, चला म्हणून. आणि मला काय वाटलं असेल? अकरा वर्षं लोकांना सांगणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल? मला वाटलं, प्यायलाय. सकाळी सकाळी, आणि तेही आज, माझ्या कार्यक्रमाच्या दिवशी. डोकंच फिरलं माझं. मी म्हटलं —

'दादा, लाज वाटू दे जरा.'

एवढंच म्हटलं, फोन कापला आणि बंद करून खिशात टाकला. मध्ये वाजायला नको म्हणून.

हो, माणूस आहे, चुकतो, तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. मीही इथपर्यंतच सांगतो मला स्वतःला. गैरसमज झाला, घाईत होतो, जुना अनुभव होता — कुणालाही वाटलं असतं. पण तुम्ही ती नकलेची गोष्ट काढलीत ना.

साधारण वीस मिनिटं झाली की नक्कल येते. आधी मी काय करायचो, जीभ दाताखाली धरून उगाच काहीतरी बरळायचो, लोक हसायचे, झालं. त्या दिवशी मी तोंड उघडलं आणि दादा बाहेर आला. तस्साच. तो बोळा कोंबलेला आवाज, नाव घ्यायला जाणं आणि न जमणं, मग 'थांब, थांब'. कानात ताजं होतं ना. इतकी हुबेहूब नक्कल मला कधी जमली नव्हती. सगळं सभागृह हसलं. तुम्ही हसलात? — असू दे, हसलात तर हसलात, हसावं म्हणूनच करायचो मी. म्हणून तुमच्या कानात राहिली ती. म्हणून तीन आठवड्यांनी नवऱ्याचं बोलणं ऐकल्याबरोबर तुम्ही त्यांना पडू दिलं नाहीत. ते माझ्या भावाचं बोलणं होतं, बाई. तुम्ही माझ्या भावाला ओळखलंत. मी नाही ओळखलं.

नाही, हेही खोटं आहे. ओळखलं होतं.

हसू थांबलं की माझं एक ठरलेलं वाक्य असतं, पाठ आहे, झोपेतसुद्धा म्हणेन — 'मंडळी, हा माणूस प्यायलाय असं तुम्हाला वाटेल, घरच्यांनाही तसंच वाटतं, आणि तिथंच उशीर होतो.' ते म्हटलं मी. आणि म्हणता म्हणता कळलं. तुम्हाला आठवतंय का, मी पाण्याचा ग्लास उचलला आणि थोडं पाणी कोटावर सांडलं? तेव्हाच. काय करायला हवं होतं? 'माफ करा, मला जायला हवं' एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. दोनशे लोकांनी वाट करून दिली असती मला. दुकान तिथून पंधरा मिनिटांवर. आणि मी काय केलं? मी ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, 'आता आपण झोपेकडे वळू.' झोप आणि मेंदू. मग स्मरणशक्ती. मग प्रश्नोत्तरं. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं की माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो का, त्यावर मी पाच मिनिटं बोललो, लोकांना हसवलं. आणि आतून काय चाललं होतं सांगू? प्यायलेला असू दे. माझा भाऊ, सहा वर्षं हात लावला नाही त्यानं, तो पुन्हा प्यायला लागलेला असू दे, असं मी मागत होतो. तेवढ्यानं मी सुटलो असतो ना. पण स्टेजवरून उतरलो नाही. समोर एवढी माणसं बसलेली, एवढ्या कौतुकानं बघतायत, डॉक्टर डॉक्टर म्हणतायत — त्यांच्यासमोर कसं म्हणू की माझ्याच भावाला मी… नाही उतरलो.

नंतर चहा झाला, फोटो झाला. फोटोत मी हसतोय, छापूनही आला. साडेबाराला फोन चालू केला तर दादाचे तीन मिस्ड कॉल. सगळे अकरा ते सव्वाअकरातले. त्यानंतर एकही नाही. मी लावला तर उचलेना. दुकानाशी पोचलो तेव्हा शटर अर्धं वर, आणि दादा कापायच्या टेबलाखाली, गळ्यात टेप, डोळे उघडे. माझ्याकडे बघत होता. शेजारच्या कुलूपवाल्यानं आणि मी उचलला, दवाखान्यात नेला. वहिनी तिकडेच आली, बहिणीकडून.

हं. हे तर सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे मी धावतपळत गेलो, उचलून नेला, रात्रंदिवस उशाशी बसलो. वहिनी येईल-जाईल त्याला सांगते, माझा दीर नसता तर हे गेलेच असते. समोर सांगते माझ्या. मी मान खाली घालतो, लोकांना वाटतं विनय आहे.

तिथं एक तरुण डॉक्टरबाई होत्या. दादाचा फोटो काढून झाला, डोक्याचा, आणि त्या भराभर बाहेर आल्या, म्हणाल्या, रक्तस्राव नाही, गुठळी आहे, सुई देता येईल, फक्त मला वेळ सांगा. वहिनीला विचारलं, 'हे शेवटचं नीट कधी बोलले?' वहिनी म्हणाली, आठला, मी निघाले तेव्हा. डॉक्टरबाईंनी बोटांवर मोजलं. आठपासून दोन म्हणजे सहा तास. त्यांचा चेहरा पडला. मग माझ्याकडे वळल्या. तुमचं काही बोलणं झालं होतं का सकाळपासून? फोन वगैरे? समोर भिंतीवर घड्याळ होतं. दोन वाजून पाच मिनिटं. दहा दहापासून साडेचार तास मोजा तुम्ही. मोजलेत? दोन चाळीस. पस्तीस मिनिटं होती, बाई. सुई कपाटात होती, डॉक्टर समोर होती, आणि या सगळ्या गोष्टी तिथं उभ्या असलेल्यांत त्या डॉक्टरबाईंइतक्याच चांगल्या मला माहीत होत्या.

मी म्हटलं, 'नाही. माझं काहीच बोलणं झालं नाही.'

का? आता का म्हणून काय सांगू. दहा दहाचा फोन सांगितला असता तर वहिनीनं विचारलं असतं, मग नंतर फोन नाही केला का त्यांनी? मग दहा पन्नासचा निघाला असता. मग काय म्हणाले? मग तू काय म्हणालास? — तुमच्या तोंडावर दिसतंय मला, तुम्ही म्हणणार की नुसता पहिलाच सांगायचा होता, दुसऱ्याचं कशाला बोलायचं. तेही सुचलं होतं. तिथंच, लगेच सुचलं होतं. डॉक्टरबाईंना बाजूला घेऊन हळूच सांगता आलं असतं, तेही सुचलं. पण एकदा 'नाही' म्हणून गेलो होतो ना, आणि वहिनी माझा दंड धरून उभी होती. दोन मिनिटांनी सांगू म्हटलं. मग दोन पंधरा झाले. मग दोन पंचवीस. मी ते घड्याळ बघत बसलो. आणि दोन चाळीस झाले तेव्हा — हे मी मनातल्या मनातसुद्धा कधी नीट बोललेलो नाही — तेव्हा मला हायसं वाटलं. आता सांगून उपयोग नाही म्हणजे आता सांगायला नको. असं वाटलं मला. भाऊ आत पडलेला आणि मला हायसं वाटलं.

दोन्ही फोनमधले ते कॉल त्याच संध्याकाळी पुसून टाकले.

सुई दिली असती तर तो बोलला असता का? माहीत नाही. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे व्याख्यानात मीच सांगायचो. पण मिळाली असती. त्याची होती ती. आता त्याच्याकडे एकच शब्द उरलाय, 'थांब'. पाणी हवं असेल तरी थांब, खिडकी लाव म्हणायचं असेल तरी थांब. वहिनीला वाटतं सहज उरला असेल कुठलातरी. सुरावरून ओळखते ती काय हवंय ते. मला बघून म्हणतो तेव्हा त्यात सूर नसतो काही. त्याला सगळं आठवतं की नाही तेही मला माहीत नाही, विचारायची हिंमत नाही. दाढी करतो मी त्याची रोज, शर्टाची बटणं लावतो, आणि तो माझ्याकडे बघत असतो.

नका. तसं म्हणू नका. तुमचे मिस्टर वाचले हे खरं आहे, फार चांगलं झालं, पण ते यात घालू नका. तुम्ही दारात उभं राहून सांगितलंत ना, तुमच्या व्याख्यानामुळे माझा नवरा वाचला, तेव्हा पहिल्या क्षणाला मला काय वाटलं असेल? आनंद. मला वाटलं, चला, म्हणजे फिटलं. एका सेकंदात वाटलं. इतका मी हलका माणूस आहे. म्हणून फळं नकोत मला. व्याख्यानं बंद केलीत ती लोकांना सांगतो तशी घशामुळे नाही, घसा ठणठणीत आहे माझा.

नाही, तिला नाही सांगितलं. कुणालाच नाही, तुम्हीच पहिल्या. तुम्हाला सांगणं सोपं आहे हो. तुम्ही आता जिना उतराल, मला पुन्हा भेटणारही नाही. तिला सांगायचं म्हणजे — ती त्याच भांड्यात माझाही चहा टाकते. माझी औषधं काढून ठेवते. आणि सांगून तिचं तरी काय भलं होणार आहे? एवढी धावपळ करतेय, तिच्या जिवाला आणखी एक घोर कशाला? असं मी आठ महिने म्हणतोय. तिच्यासाठी म्हणून गप्प आहे, असं. ऐकायला किती बरं वाटतं नाही?

काय? हो, बरोबर. त्याला सांगता येत नाही. तो तेवढं एक सांगू शकत नाही, आणि मी त्यावर बसलोय. तुम्ही हळूच बोललात पण बरोबर बोललात.

— फाटक वाजलं. आलेच ते. आज लवकर कसे? नाही, तुम्ही घाबरू नका, बसा. डोळे पुसा तेवढे. तुम्ही ओळखीच्या आहात, सहज आला होतात, एवढंच सांगू आपण. व्याख्यानाचं नको. नाहीतर सांगा व्याख्यानाचं, तिला बरं वाटेल — नको, नकोच. मला दार उघडू द्या, त्याचा पाय उंबऱ्याला अडतो.

ये, दादा. हळू. डावा आधी. हां.

वहिनी, या बाई पोस्टात असतात. हो, ग्रंथालयातल्या व्याख्यानाला होत्या. हो, मिस्टरांना झालं होतं त्यांच्या. वाचले, हो. चालतात. नाही वहिनी, त्या म्हणतायत तसं काही नाही, मी काही केलेलं नाही. अगं, नको, चहा नको टाकूस. पाठीवर हात नको ठेवूस माझ्या. वहिनी, ऐक. दादाला त्या खुर्चीत बसव, खिडकीशी, माझ्यासमोर. तूही बस. पिशवी राहू दे, नंतर आत ने. मला सांगायचंय काहीतरी, दादासमोरच सांगायचंय. त्या दिवशी दवाखान्यात त्या डॉक्टरबाईंनी विचारलं होतं बघ, आधी तुला आणि मग मला —

बाई, तुम्ही आता निघा. दार ओढून घ्या जाताना.